दोष आणि खोड : 'ओबी-एक्सडी' या आभासी सिंथेसायझरची चिकित्सा

प्रास्ताविक

मराठीतील संगीतविषयक लेखन प्रामुख्याने गायक, घराणे, राग आणि बंदिश यांच्याभोवती फिरत आलेले आहे. वाद्याचा विचार त्यात होतो तो बहुधा वादकाच्या अनुषंगाने. वाद्य ही स्वतःच एक रचना असते, तिच्या घडणीमागे काही सौंदर्यविषयक निवडी असतात आणि त्या निवडींची समीक्षा होऊ शकते, ही भूमिका आपल्याकडे फारशी रुजलेली दिसत नाही. विद्युत वाद्यांच्या बाबतीत तर उदासीनतेत थोडा तुच्छभावही मिसळलेला असतो. संगणकावर चालणाऱ्या एखाद्या आज्ञावलीला 'वाद्य' म्हणावे काय, येथूनच वादाला प्रारंभ होतो.

प्रस्तुत लेखात अशाच एका आज्ञावलीचा विचार करावयाचा आहे. 'ओबी-एक्सडी' हे तिचे नाव. संगीतमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडून वापरता येणारा हा एक प्लगइन असून वादिम फिलातोव या आज्ञावलीकाराने तो प्रथम सिद्ध केला आणि मुक्त परवान्याखाली विनामूल्य उपलब्ध करून दिला. पुढे 'डिस्कोडीएसपी' या संस्थेने त्याची जोपासना केली. १९७९ साली अमेरिकेत बाजारात आलेल्या 'ओबरहाइम ओबी-एक्स' या बहुस्वरी सिंथेसायझरचा नाद संगणकात पुन्हा उभा करणे हा त्याचा हेतू आहे.

अशा प्लगइनविषयी बोलताना नक्कल मुळाबरहुकूम वठली आहे काय, हा एकच प्रश्न सर्वत्र विचारला जातो. हा प्रश्न निरर्थक नाही, पण समीक्षेच्या दृष्टीने तो लवकर संपतो. मूळ वाद्यातील कोणते दोष नकलाकाराने जपण्याजोगे मानले, कोणते वगळले आणि जपलेल्या दोषांचे नकलेत नेमके काय झाले, हा प्रश्न प्रस्तुत लेखकास अधिक फलदायी वाटतो. प्राचीन संहितेचा संपादक हस्तलिखितातील कोणते पाठ स्वीकारतो व कोणते तळटीपेत ढकलतो यावरून त्याची वाङ्मयीन दृष्टी कळते. येथेही तसेच काहीसे आहे.

मूळ वाद्य आणि त्याचा काळ

ॲनालॉग सिंथेसायझरची रचना तत्त्वतः सोपी असते. ऑसिलेटर हा विद्युतमंडलाचा भाग सातत्याने बदलणारा विद्युतदाब निर्माण करतो. या दाबाचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा किंवा चौकोनी असतो. हा कच्चा नाद स्वरांशांनी गच्च भरलेला असतो. फिल्टर त्यातील वरचे स्वरांश छाटतो आणि नादाला घाट देतो. स्वर किती वेगाने उमटावा, किती टिकावा आणि कसा विरावा, हे 'एन्व्हलप' नावाचे मंडल ठरविते. एका वेळी एकच स्वर वाजवावयाचा असेल तर एवढी सामग्री पुरते. एकाच वेळी आठ स्वर हवे असतील तर मात्र हा सारा संच आठ वेळा बांधावा लागतो. अशा प्रत्येक संचाला 'व्हॉइस' म्हणतात.

आठ वेळा बांधलेली एकच गोष्ट आठही वेळा तंतोतंत सारखी होत नाही. प्रतिरोधक, धारित्र, डायोड यांच्या मूल्यांत कारखान्यातूनच थोडा फरक असतो. यंत्र तापले की तो बदलतो, जुने झाले की आणखी बदलतो. त्यामुळे पहिल्या व्हॉइसचा षड्ज आणि पाचव्या व्हॉइसचा षड्ज यांत केसाएवढे अंतर राहते. फिल्टर एकीकडे जरा अधिक उघडतो, दुसरीकडे जरा कमी. हे व्हॉइस एकत्र वाजले की त्यांच्यातील सूक्ष्म विसंवादामुळे नाद हलता व भरीव भासतो. दोन तंबोरे सुरात लावूनही त्यांच्या मिलाफात जे सजीव हेलकावणे ऐकू येते, आणि विजेवरच्या तंबोऱ्यात ज्याची उणीव जुन्या श्रोत्यांना खटकते, त्याच्याशी या अनुभवाचे नाते आहे. अर्थात जवारी हे कारागिराने जाणीवपूर्वक साधलेले गुणविशेष होय. व्हॉइसमधील अंतर कोणी साधलेले नव्हते. हा भेद पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

टॉम ओबरहाइम यांनी १९७४ साली 'सिंथेसायझर एक्सपांडर मॉड्यूल' हा एकस्वरी संच तयार केला आणि १९७५ साली असे चार संच एका कळफलकाला जोडून 'फोर व्हॉइस' हे वाद्य सिद्ध केले. त्यातील प्रत्येक संच स्वतंत्रपणे जुळवावा लागे, आणि चारही संच एका छटेवर आणणे हे वादकाच्या सहनशीलतेची परीक्षा पाहणारे काम होते. १९७८ साली डेव्ह स्मिथ यांच्या 'प्रॉफेट-५' या वाद्याने सूक्ष्मप्रक्रियकाच्या साहाय्याने हा प्रश्न सोडविला. जुळविलेली छटा स्मृतीत साठवून पुन्हा आणता येऊ लागली. १९७९ चा 'ओबी-एक्स' हे ओबरहाइम यांचे त्याला उत्तर होते. तो चार, सहा किंवा आठ व्हॉइसमध्ये मिळत असे. त्यात झेड-८० हा सूक्ष्मप्रक्रियक होता आणि ऑसिलेटर आपोआप सुरात आणणारे एक बटणही होते.

या बटणाकडे विशेष लक्ष वेधावेसे वाटते. व्हॉइसमधील बेसूरपणा त्या काळच्या अभियंत्यांना व्याधी वाटत होता आणि तिच्यावरचा उपाय म्हणून हे बटण वाद्यावर आले. १९८० च्या 'ओबी-एक्सए' या पुढील वाद्यात सुटे घटक जोडून बांधलेली मंडले जाऊन त्यांच्या जागी कर्टिस कंपनीच्या एकात्मिक चिप आल्या, त्यामागेही स्थैर्य व विश्वसनीयता हीच प्रेरणा होती. ज्याला आज या वाद्यांचा 'ऊबदार' नाद म्हणून गौरविले जाते, त्याचा बराचसा भाग निर्मात्यांना नको असलेला होता.

या वाद्यांचा नाद रॉक संगीतात दूरवर पोहोचला. 'रश' या कॅनेडियन वाद्यवृंदाच्या १९८१ मधील 'टॉम सॉयर' या गीतातील गुरगुरणारा खर्ज ओबी-एक्सचा, तर 'व्हॅन हॅलन'च्या १९८४ च्या संग्रहातील 'जंप' या गीताचे सुपरिचित आरंभीचे सूर ओबी-एक्सएचे. आठ व्हॉइसच्या ओबी-एक्सची किंमत सुमारे सहा हजार डॉलर होती. तो कोणाच्या घरी असू शकत होता हे त्यावरून उघड आहे. या वर्गातील वाद्ये भारतात अगदीच आली नाहीत असे नाही. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत काम करणारे चरणजित सिंग यांनी १९८२ साली मुंबईत 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही ध्वनिमुद्रिका सिद्ध केली, ती रोलँड कंपनीच्या 'ज्युपिटर-८' या आठ व्हॉइसच्या ॲनालॉग सिंथेसायझरवर आणि त्याच कंपनीच्या दोन लहान ताल-खर्ज यंत्रांवर. तिच्याकडे तेव्हा फारसे कोणी लक्ष दिले नाही. २०१० साली ती पुनःप्रकाशित झाल्यावर युरोपातील श्रोते चकित झाले. राग आणि यंत्र यांचा संबंध हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथे एवढेच नोंदवावयाचे की, त्या काळी अशा प्रयोगासाठी प्रतिभेइतकीच यंत्राची मालकीही आवश्यक होती.

१९८३ साली यामाहाचा 'डीएक्स-७' हा डिजिटल सिंथेसायझर आला आणि ॲनालॉग वाद्ये झपाट्याने मागे पडली. डिजिटल यंत्र बेसूर होत नव्हते, वजनाने हलके आणि तुलनेने स्वस्त होते. ओबरहाइम यांची कंपनी डबघाईस आली, तिचे नाव १९८८ साली गिब्सन कंपनीकडे गेले आणि २०१९ मध्ये ते पुन्हा मूळ मालकाकडे आले. दरम्यान कोणाला नकोशी झालेली ती अवजड यंत्रे दुर्मीळ आणि महाग होऊन बसली. १९९५ च्या 'नॉर्ड लीड' या स्वीडिश वाद्याने गणिताच्या साहाय्याने ॲनालॉग मंडलांचे अनुकरण सुरू केले, १९९६ साली स्टाइनबर्ग कंपनीने प्लगइनसाठी 'व्हीएसटी' हा सामाईक मानदंड दिला आणि येथून आपल्या विषयाची पूर्वपीठिका पुरी होते.

दोषांची निवड

ओबी-एक्सडीचा दर्शनी भाग जुन्या यंत्राच्या फलकासारखा आहे. दोन ऑसिलेटर, फिल्टर, दोन एन्व्हलप असा परिचित मांड त्यावर दिसतो. मात्र फलकाच्या एका भागात मूळ यंत्रावर कधीच नसलेले काही नॉब आहेत. फिल्टर, एन्व्हलप आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याचा वेग यांच्या बाबतीत व्हॉइसमध्ये परस्परांत किती तफावत असावी, हे त्यांनी ठरविता येते. ऑसिलेटरांच्या बेसूरपणासाठीही अशीच सोय आहे. नॉब शून्यावर नेला की ती ती तफावत नाहीशी होते, उजवीकडे फिरवावा तशी ती वाढत जाते. जो दोष दूर करण्यासाठी १९७९ साली एक बटण बसविले गेले, तोच दोष निर्माण करण्यासाठी आता नॉब बसविला आहे.

प्रस्तुत लेखकाच्या मते हा नॉब म्हणजे मूळ वाद्यावरचे भाष्य आहे. त्या वाद्याचे मर्म ऑसिलेटरात किंवा फिल्टरात एकवटलेले नसून एकाच गोष्टीच्या आठ प्रतींतील अंतरात आहे, असे प्रतिपादन नकलाकाराने शब्दांत न करता रचनेतून केले आहे. एखादी कळ आठ वेळा लागोपाठ दाबली असता प्रत्येक वेळी पुढच्या व्हॉइसची पाळी येते आणि तोच स्वर आठ किंचित वेगळ्या कंठांतून ऐकू येतो. तफावतीचे नॉब शून्यावर नेऊन हाच प्रयोग केल्यास नाद स्वच्छ, कोरडा आणि लगेच कंटाळा आणणारा होतो. भाष्य पटण्यासाठी एवढा पुरावा पुरेसा आहे.

मूळ आज्ञावली मुक्त असल्यामुळे तिच्या आत डोकावता येते, आणि तेथे हे भाष्य अधिक तपशिलात वाचावयास मिळते. फिल्टरच्या गणितात डायोडच्या एका जोडीचे अनुकरण आहे. नादातील अनुनाद वाढत गेला की ही जोडी त्याला आवर घालते. दोन्ही डायोड तंतोतंत सारखे असते तर तरंगाच्या वरच्या व खालच्या अर्ध्याला सारखाच आवर बसला असता आणि त्यातून केवळ विषम स्वरांश उमटले असते. आज्ञावलीत मात्र ही जोडी किंचित विजोड धरलेली आहे, आणि तशी टीपही तेथे लिहिलेली आहे. विजोडपणामुळे सम स्वरांशही डोकावतात आणि नाद जरा मांसल होतो. गणितात दोन डायोड एकसारखे मानणे सर्वांत सोपे असते. विजोड मानण्यासाठी कोणीतरी थांबून विचार करावा लागतो. ऑसिलेटरच्या भागात तर स्वराच्या उंचीत अखंड मिसळल्या जाणाऱ्या अतिसूक्ष्म गोंगाटाला 'मळ' या अर्थाचे इंग्रजी नाव दिलेले आढळते. आज्ञावलीकाराच्या स्वभावाविषयी ते एक नाव बरेच काही सांगून जाते.

सारेच दोष मात्र जपलेले नाहीत. जुन्या यंत्रातील विद्युतपुरवठ्याची गुणगुण, मळलेल्या नॉबची खरखर, मैफलीच्या मध्येच रुसणारा एखादा व्हॉइस यांना येथे स्थान नाही. संगणकीय नादाचा स्वतःचा असा एक दोषही आहे. नादाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जात असतील तर २२,०५० हर्ट्झच्या वरचे स्वरांश दुमडून खाली येतात आणि कर्कश, बेसूर कण म्हणून ऐकू येतात. हा दोष मात्र टाळण्याची खटपट केलेली असून अधिक नमुन्यांनी गणित करण्याची सोयही फलकावर आहे. म्हणजे विद्युतमंडलाचा मळ हवा, गणिताचा मळ नको. ही निवड आज आपल्याला स्वाभाविक वाटते, परंतु तीही एका अभिरुचीची निवड आहे. आजच्या संगणकांची कर्कशता उद्या कोणाला 'ऊबदार' वाटणार नाही याची शाश्वती कोणी द्यावी?

निवडीतील आणखी एक विसंगती नोंदविणे आवश्यक आहे. मूळ ओबी-एक्सचा फिल्टर प्रतिसप्तक १२ डेसिबल छाटणी करणारा होता. २४ डेसिबलचा पर्याय ओबी-एक्सएमध्ये आला. ओबी-एक्सडीत दोन्ही आहेत, शिवाय १२ डेसिबलच्या फिल्टरमध्ये एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात सलग सरकण्याची मूळ यंत्रात नसलेली सोयही आहे. पाठचिकित्सेच्या परिभाषेत बोलावयाचे तर ही एका हस्तलिखिताची प्रत नसून अनेक प्रतींतील पाठ निवडून सिद्ध केलेली मिश्र संहिता आहे. काटेकोर नकलेचा आग्रह धरणारे यावर नाराज होतात. परंतु प्लगइनचा दावा मुळी काटेकोर नकलेचा नाही, आणि वाजविणाऱ्याला ऐतिहासिक शुद्धतेपेक्षा कामाला येणारे वाद्य हवे असते. एखाद्या घराण्याची गायकी पुढे नेणारा शिष्य गुरूच्या खोकल्यासह गात नाही.

दोष आहे, खोड नाही

येथवरचे विवेचन बहुतांशी अनुकूल आहे. ओबी-एक्सडीची मर्यादाही त्याच्या सर्वांत चांगल्या कल्पनेतच आहे, आणि ती दाखविण्यासाठी मराठीतील दोन शब्द उपयोगी पडतात. दोष आणि खोड हे आपण कधी कधी एकाच अर्थाने वापरतो, परंतु त्यांत अंतर आहे. दोष क्षणाचा असू शकतो. खोड मुरावी लागते. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही असे आपण म्हणतो, दोषाविषयी तसे म्हणत नाही. खोडीला काळ लागतो, आणि ती त्या विशिष्ट जिवाची असते.

जुन्या यंत्राला खोडी होत्या. तिसरा व्हॉइस थंडीत चढा राहतो, सहाव्याचा फिल्टर जरा उशिरा उघडतो, हे नित्य वाजविणाऱ्याच्या बोटांना कळत असे आणि त्याच्या वादनात नकळत उतरत असे. दुसऱ्या गावचा दुसरा ओबी-एक्स वेगळ्या खोडींचा असे. मुक्त स्वरूपातील ओबी-एक्सडीत काय घडते? प्लगइन उघडला की प्रत्येक व्हॉइससाठी तफावतीच्या चिठ्ठ्या टाकल्या जातात. ज्या व्हॉइसच्या वाट्याला जी चिठ्ठी आली ती प्लगइन बंद होईपर्यंत त्याची. दुसऱ्या दिवशी तेच गीत पुन्हा उघडावे तर तफावतीचे प्रमाण तेवढेच असते, कारण नॉबची जागा साठविलेली असते. पण चिठ्ठ्या नव्याने पडलेल्या असतात. काल चढा असलेला तिसरा व्हॉइस आज उतरा असू शकतो. त्याची ओळख व्हावी तोच तो निघून जातो.

काळाच्या बाबतीतही हेच. आज्ञावलीत दोन टोके आहेत. एकीकडे उघडल्यापासून बंद होईपर्यंत न बदलणारी तफावत, दुसरीकडे क्षणाक्षणाला थरथरणारा मळ. यंत्र तापत जाताना पाच-दहा मिनिटांत सूर सावकाश सरकतो, ती मधली हालचाल येथे नाही. सांगीतिक अनुभवाच्या दृष्टीने हाच मधला काळ महत्त्वाचा असतो, कारण तोच वादकाच्या लक्षात येतो आणि त्याला प्रतिसाद द्यावयास लावतो. स्थिर तफावतीची सवय कानाला चटकन होते, आणि थरथर कान पोत म्हणून स्वीकारून मोकळा होतो.

यावर असा आक्षेप घेता येईल की ध्वनिमुद्रिका ऐकणाऱ्याला यातले काहीच कळत नाही. ते खरे आहे, आणि केवळ श्रवणाच्या कसोटीवर ओबी-एक्सडी उत्तम गुणांनी उतरतो. त्यातही भरदार जुळे स्वर, पितळी वाद्यांची आठवण करून देणारे उसळते स्वरसमूह आणि सावकाश उघडणारे तंतुवाद्यसदृश पट यांत तो विशेष खुलतो. परंतु वाद्य हे श्रोत्यापूर्वी वादकाचे असते. तंबोरा रोज जुळविणाऱ्याचे त्याच्याशी जे नाते जडते, त्यात त्या एका तंबोऱ्याच्या खोडीचा वाटा असतो. तफावत नॉबने मागविता येते तेव्हा ती अलंकार होते. अलंकार वाईट नसतो, पण त्याच्याशी झगडावे लागत नाही.

या संदर्भात पुढील घटनाक्रम उद्बोधक आहे. २०२० साली 'प्रॉफेट-५'ची नवी आवृत्ती आली आणि २०२२ साली ओबरहाइम यांच्याच नावाने 'ओबी-एक्स८' हे नवे वाद्य आले. दोन्ही खऱ्याखुऱ्या ॲनालॉग मंडलांची. दुसऱ्याची किंमत तेव्हा सुमारे पाच हजार डॉलर होती. दोहोंवरही 'व्हिन्टेज' या नावाचा एक नॉब आहे. नवी मंडले इतकी स्थिर झाली आहेत की जुन्या बेसूरपणाचे अनुकरण आता ॲनालॉग यंत्राला स्वतःचेच करावे लागते. विनामूल्य प्लगइनने जे आधीच केले होते ते मूळ घराण्याच्या वारसांनाही करावे लागले. अशा स्थितीत 'अस्सल' आणि 'नक्कल' या शब्दांची सीमारेषा कोठे ओढावी, हे ठरविणे कठीण आहे.

मोफत आणि मुक्त

ओबी-एक्सडीची वाखाणणी बहुधा तो मोफत आहे म्हणून होते. तेही कारण लहान नाही. ज्या नादासाठी एकेकाळी सहा हजार डॉलर मोजावे लागत, तो जुन्या संगणकावर घरी काम करणाऱ्या विद्यार्थ्यालाही मिळाला. परंतु मोफत आणि मुक्त यांत भेद केला पाहिजे. मोफत वस्तू देणाऱ्याच्या मर्जीवर असते. उद्या ती सशुल्क होऊ शकते, अथवा तिची देखभाल थांबू शकते. जीपीएल या परवान्याखाली प्रसिद्ध झालेली संहिता मात्र परत घेता येत नाही. तिची पुढची आवृत्ती कोणी वेगळ्या अटींवर काढली तरी आधीची मुक्त आवृत्ती मुक्तच राहते. 'सर्ज' हा मुक्त सिंथेसायझर सांभाळणाऱ्या स्वयंसेवकांच्या गटाने याच मुक्त संहितेवरून 'ओबी-एक्सएफ' या नावाने स्वतंत्र शाखा सुरू केली, ती या तरतुदीमुळेच.

समीक्षकाच्या दृष्टीने या भेदाला आणखी एक अर्थ आहे. व्यापारी कंपन्यांनी काढलेल्या ओबरहाइमच्या नकलांपैकी काही नादाच्या दृष्टीने ओबी-एक्सडीपेक्षा सरस आहेत, असे अनेक जाणकार मानतात आणि ते खरेही असेल. परंतु त्यांतील डायोड विजोड आहेत की नाहीत, चिठ्ठ्या केव्हा पडतात, मळ कोठे मिसळला आहे, हे बाहेरच्या माणसाला कळण्याचा मार्ग नाही. तेथे समीक्षा कानापाशी थांबते. ओबी-एक्सडीच्या बाबतीत ती रचनेपर्यंत जाऊ शकते, आणि वर दाखविलेली उणीव दूर करावयाची झाल्यास कोणा विद्यार्थ्याला कोणाची परवानगीही मागावी लागत नाही. प्रत्येक व्हॉइसच्या वाट्याला आलेली चिठ्ठी गीतासोबत साठवून ठेवणे, हे संगणकशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमातील प्रकल्पाच्या आवाक्यातले काम आहे. संगीत विभाग आणि संगणक विभाग एकाच आवारात असलेल्या महाविद्यालयांत ते सहज हाती घेता येण्याजोगे आहे.